दोरी लावून पेरलेलं रान

आयुष्यभर मी लिफ्ट तपासल्या. दुरुस्त एकही केली नाही. दुरुस्त करणारी माणसं वेगळी असायची आणि त्यांचे हात ग्रीसने काळे असायचे. मी बॅटरी घेऊन वर बघायचो, खाली बघायचो, 'हं' म्हणायचो आणि सही करून पुढच्या इमारतीत जायचो. आमची ही म्हणते, नोकरीत तुम्ही नुसतं वर-खाली केलंत, पुढे म्हणून कधी गेला नाहीत. ती स्वतः हॉस्पिटलात हेडसिस्टर होती, त्यामुळे तिचं बोलणं सुईसारखं असतं. टोचताना काही वाटत नाही, नंतर दुखतं.

अशा माणसाने निवृत्तीनंतर हातात कोयता घ्यावा, हे कोयत्यालाही पटलं नसणार. पण घेतला. त्याला कारण माझा मेहुणा आणि माझी जीभ. मेहुण्याचा दोष त्यात फारसा नाही.

झालं असं. माझ्या सासऱ्यांचं गावाबाहेर एक शेत, आणि शेताच्या तोंडाशी दोन खोल्यांचं घर. सासरे गेल्यावर तिथे कोणी राहिलं नाही. माणसं नाहीत म्हटल्यावर वेडी बाभूळ आली. हे झाड मुळात इकडचं नाही. कोणे एके काळी कुणा शहाण्याने सरपणाला बरं म्हणून आणलं आणि नंतर ते कुणाला विचारायला थांबलं नाही. चपलेच्या तळातून आरपार जाणारा काटा, खाली गवताचं पातं उगवू देणार नाही अशी सावली आणि तोडलं की दुप्पट होण्याची खोड. आम्ही दोघं निवृत्त होऊन त्या घरात राहायला आलो तेव्हा मागच्या दारातून शेत दिसतच नव्हतं, दिसायचे ते नुसते काटे. शेत निम्मं हिचं, निम्मं तिच्या धाकट्या भावाचं.

या भावाचं शहरात चष्म्याचं दुकान आहे. माणूस सरळ आहे. बिऱ्हाड लावून आमचा आठवडाही झाला नव्हता तेव्हा तो भेटायला आला. मागच्या पायरीवर बसून चहा पिताना म्हणाला की एक गिऱ्हाईक आलंय, त्याला गोदामं बांधायची आहेत, झाडांसकट, घरासकट जमीन घेतो म्हणतोय. तो बोलत होता बहिणीशी आणि बघत होता माझ्याकडे. हे रान साफ करणं आता आपल्या आवाक्यातलं नाही, असं त्याचं म्हणणं. ही कपात बघत होती. तिला ती जागा हवी आहे हे मला ठाऊक होतं. बापाची जमीन, मुलीचा जीव अडकणारच, त्यात समजण्यासारखं आणखी काय असणार, अशी माझी समजूत. ती काही बोलेल एवढाही दम मी धरला नाही.

"पुढच्या वर्षी याच दिवसांत ये," मी म्हणालो. "रान साफ होऊन काही उगवलेलं दिसलं नाही, तर खुशाल विक. आम्ही चकार शब्द काढणार नाही."

'आम्ही' हा शब्द कुणाला विचारून वापरला, हे तेव्हा मला सुचलं नाही. मेहुण्याने माझ्या हातांकडे पाहिलं. त्यांवर पेनाच्या घट्ट्याशिवाय काही नव्हतं. 'बघा बुवा,' एवढंच तो म्हणाला. पैज लावायला माणसाकडे स्वतःचं काहीतरी असावं लागतं. माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी बायकोचं लावलं.

तो गेल्यावर हिने कप विसळता विसळता सांगितलं की खोदाईचं मशीन बोलवा, मुळासकट निघेल, आठवडाभराचं काम आहे. मी म्हणालो, मशीनने काय, कोणीही करेल. यावर तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि कप पालथे घातले.

मग मी नवा कोयता, करवत, कुऱ्हाड, चामड्याचे हातमोजे आणि डोक्याला हॅट अशी खरेदी केली. हॅट चांगली होती. पहिल्या दिवशी मी झाडाभोवती फिरून त्याची नीट तपासणी केली, कारण तेवढं मला येत होतं. नंतर फांद्या तोडल्या. वेडी बाभूळ पडताना एकटी पडत नाही, सोबत तोडणाऱ्यालाही घेते. शर्ट फाटले, कानाची पाळी फाटली, एकदा हॅट वरच अडकली आणि ती काढायला म्हणून मी जो वर गेलो तो खाली यायला तयार होईना. हिने स्टूल आणून दिलं. रोज संध्याकाळी ती चिमट्याने माझे काटे काढायची आणि मी तिला दिवसभराची शौर्यकथा सांगायचो.

थंडी संपेपर्यंत घरापासून कुंपणापर्यंत एक चांगला रुंद पट्टा मी मोकळा केला. मोकळा म्हणजे, बुंधे सोडून. बुंधे जमिनीलगत छान कापले होते, वरून हात फिरवला तर टेबलासारखे लागत. मी मनातल्या मनात प्रत्येकावर सही केली. पुढच्या महिन्यात एकेका बुंध्यातून मूठभर फुटवे वर आले, पूर्वीच्या झाडापेक्षा टवटवीत. मी झाडं तोडली अशी माझी समजूत होती, झाडांची समजूत मी छाटणी केली अशी होती. त्यांचं बरोबर निघालं.

"तुमच्या हाताला गुण आहे हो," ही म्हणाली.

मी सगळे फुटवे पुन्हा काढले. ते पुन्हा आले. शेवटी बुंधे खणून काढायला लागलो. त्यात कंबर गेली, पण पट्टा मात्र खरोखर मोकळा झाला. बाकीचं शेत होतं तसंच होतं आणि उन्हाळा तोंडावर आला होता. अशा वेळी शहाणा माणूस मशीनवाल्याला फोन करतो. मी एक लेख वाचला. त्यात लिहिलं होतं की काही ठिकाणी रान साफ करायला शेळ्या सोडतात. शेळी काहीही खाते, असं त्यात ठळक अक्षरांत होतं. नोकरीभर मी उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या. खऱ्या शेळ्यांशी संबंध यायचा तेवढा राहिला होता.

जवळच एका बाईंचा शेळ्यांचा मोठा कळप होता. सगळे त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणालो, वयाने त्या माझ्यापेक्षा लहान असतील. मी त्यांना विनंती केली की आमच्या रानात शेळ्या सोडाल का. त्या दिवसांत सगळीकडचं गवत वाळून गेलेलं आणि आमच्या बाभळींवर पिवळ्याधमक गोड शेंगा लगडलेल्या. मावशींनी बराच वेळ आकाशाकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि तुम्ही एवढं म्हणताच आहात तर आणते, पण शेळ्यांना पाणी तुम्ही पाजायचं, असं सांगितलं. मी त्यांचे दोनदा आभार मानले. मग उन्हाळाभर बादल्या वाहिल्या.

शेळ्या आल्या आणि मागच्या पायांवर उभ्या राहून शेंगांवर तुटून पडल्या. पाल्याला तोंड लावेनात. मला वाटलं, माणसं आधी गोड खातात तसं असेल, पाला नंतर. शेंगा संपल्या त्या दिवशी मावशी कळप घेऊन गेल्या. झाड एकही कमी झालं नव्हतं, पान एकही कमी झालं नव्हतं, शेळ्या तेवढ्या गुबगुबीत झाल्या होत्या. पुढे एकदा मावशी रस्त्यात भेटल्या तेव्हा पुढच्या उन्हाळ्यातही लागलं तर सांगा, असं त्या मोठ्या मनाने म्हणाल्या.

पण मी खचणारा माणूस नव्हे. खचणं परवडलं असतं, ही गोष्ट वेगळी. शेळ्या झाडांखाली बसायच्या तिथे लेंड्यांचा खच पडला होता आणि लेंडीखतासारखं खत नाही, हे मलासुद्धा माहीत होतं. मोकळ्या केलेल्या पट्ट्यात काहीतरी लावून दाखवायचंच होतं. काय लावायचं ते ठरलं नव्हतं, पण खत तर तयार करून ठेवू. मी खराट्याने लेंड्या गोळा केल्या, टोपलीने वाहिल्या. दोन खुंटांना दोरी ताणली, ओळंबा सोडून खुंट ताठ आहेत की नाही ते पाहिलं आणि पट्टाभर सरळ चऱ्या पाडल्या. लिफ्ट ज्यावरून सरकते ती गाइड रेल तपासणाऱ्या माणसाला वाकडी ओळ सहन होत नाही. त्या चऱ्यांमध्ये खत सारखं पसरलं, वरून माती ओढली. एक लेंडी वाया जाऊ दिली नाही.

पाऊस झाला आणि मी बियाणं आणायच्या आधीच चऱ्या हिरव्या झाल्या. नाजूक, पिसासारखी पानं, एका रेषेत. खरं तर तेव्हाच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. बटण न दाबता लिफ्ट वर आली असती तर मी तिला जागच्या जागी सील ठोकलं असतं. पण माणसाचं काम पहिल्यांदाच दिसायला चांगलं दिसत असेल तर तो चौकशी करत नाही. हिला मी सांगितलं की हे हिरवळीचं खत आहे, आपोआप येतं, नंतर मातीत गाडायचं. ती वाकली, एक पान दोन बोटांत धरून पाहिलं आणि 'बरं' म्हणाली. गोळी जिभेखाली दडवून 'घेतली' म्हणणारे पेशंट सांभाळण्यात जिचं आयुष्य गेलं, ती 'बरं' म्हणाली म्हणजे तिला पटलं, असं मी धरून चाललो.

काटा मला पाऊस सरता सरता लागला. मी ओळीतून फिरत होतो, रोपांच्या शेंड्यांवरून हात फिरवत, बागेतल्या चित्रात माणसं फिरवतात तसा. बोट तोंडात घालून मी तिथेच उकिडवा बसलो आणि सगळा हिशेब एकदम लागला. शेळीने शेंग खाल्ली, गर पोटात ठेवला, बी सबंध बाहेर टाकलं. ते मी झाडून गोळा केलं, वाहून आणलं आणि दोरी लावून पेरलं. आधी मी रान मागे हटवलं होतं, आता ते पुन्हा घराच्या पायरीपर्यंत आणलं होतं. पेरावं तसं उगवतं, हे लहानपणापासून ऐकत आलो. आपण काय पेरतोय हेच ज्याला माहीत नाही त्याच्याबद्दल म्हण काही सांगत नाही.

त्याच दिवशी उपटायला हवी होती. पण उपटायची म्हणजे हिला सांगावं लागणार, आणि त्याच आठवड्यात मेहुण्याचा निरोप आला की रविवारी येतोय, गिऱ्हाईक उत्तर मागतंय. ओसाड पट्ट्यापेक्षा हिरवा पट्टा बरा, असा विचार मी केला. मूग गिळून बसलो आणि रविवारची वाट पाहिली. झोप लागायची नाही. ही जमीन गेली तर हिच्या डोळ्याला डोळा कसा भिडवणार, हा प्रश्न होताच. आपल्या बढाईपायी बायकोच्या डोक्यावरचं छप्पर जातंय, हे दिसत असूनही तोंड उघडवत नव्हतं.

मेहुणा आला तो सरळ मागच्या दाराशी गेला. पायरीवर उभा राहिला. ऊन तिरपं पडलं होतं, रोपं एका मापाची, ओळी काटेकोर. मागचं रान तसंच उभं होतं, पण त्याची नजर ओळींवरच अडकली. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"भाऊजी, मी तुम्हाला ओळखलंच नाही," तो म्हणाला.

मी नम्रपणे खाली पाहिलं. तो पायऱ्या उतरून ओळींच्या कडेने चालत गेला. बाबासुद्धा अशाच ओळी धरायचे, म्हणाला. मागचं हळूहळू होईल, सुरुवात झाली हे महत्त्वाचं. त्या गिऱ्हाइकाला उद्याच नाही म्हणून कळवतो, ताईच्या नावावर माझा हिस्साही करून देतो. फक्त एक करायचं, यातलं एकही रोप काढायचं नाही, मोठी होऊ द्यायची, आणि मधे एक बाक टाकायचा, बाबांच्या नावाने. माझी मान हलली. ती मी हलवली नाही, आपली आपण हलली. जमीन वाचली होती. त्यासाठी जन्मभर काट्यांच्या बागेत बाकावर बसावं लागलं तरी माझी तयारी होती. हिची आहे का, हे विचारायचं पुन्हा राहिलं.

मी खरं सांगणारच होतो. असं मी अजूनही म्हणतो. पण ही चहा घेऊन दारात आली होती आणि तिने ट्रे पायरीवर ठेवला.

"ही वेडी बाभूळ आहे," ती भावाला म्हणाली. "मागे आहे तीच. यांनी दोरी लावून पेरलीय."

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मी शेळ्यांच्या पाण्याच्या बादल्यांकडे पाहिलं. तो वाकला, एका रोपाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. त्याला हसू आलं, पण बहिणीच्या तोंडाकडे पाहून त्याने ते आवरलं. म्हणजे साफ काहीच झालं नाही का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, झालं नाही, उलट भर पडली. यांनी हिरवळीचं खत सांगितलं तेव्हाच मला कळलं होतं, पण हे स्वतःहून कधी बोलतात ते मी बघत होते. मी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होतो.

मग मेहुणा जरा अवघडून म्हणाला, "मग ताई, ठरल्याप्रमाणे विकायची का?"

"कुणी ठरवलं?" ती म्हणाली. "तू यांच्याशी बोललास, हे तुझ्याशी बोलले. जमीन तुझी आणि माझी. मला तुम्ही दोघांनीही विचारलं नाहीत."

आम्ही दोघंही एकाच वेळी खाली बघायला लागलो. मेहुणा येऊन तिच्याशेजारी पायरीवर बसला. लहानपणी बसत असेल तसा, गुडघे जवळ घेऊन.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "आता विचारतो. तुला काय हवंय?"

ट्रेमधला एक कप तिने भावाकडे सरकवला.

"मला इथे राहायचंय. रान साफ झालं तरी, नाही झालं तरी. बाबांची जागा म्हणून नाही. बाबांची आठवण मला कुठेही येते. मला अशी जागा हवी होती जिथे कोणी हाक मारणार नाही. सिस्टर, इकडे या. सिस्टर, लवकर या. सुट्टीच्या दिवशी घरी झोपलेली असतानाही मी दचकून उठून बसायचे. इथे आले आणि पहिल्या दुपारी मला गाढ झोप लागली. किती वर्षांनी लागली ते मला सांगता येणार नाही."

ती थांबली. मला वाटलं, संपलं. पण ती माझ्याकडे वळली.

"मग यांनी कोयता घेतला. अगं बघ, फांदी पडली. अगं ये ना, बुंधा बघ किती सफाईने कापलाय. अगं, शेळी बघ कशी उभी राहिली. दुपारी अंग टाकलं की हाक. वॉर्डात तरी एवढ्या हाका मारत नव्हतं कोणी."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. मला चिडलेल्या माणसापुढे उभं राहता येतं, तो आपोआप चुका करतो. ती नुसती दमल्यासारखी बोलली. इतका वेळ मी तुम्हाला सगळं सांगितलं, कोयता सांगितला, हॅट सांगितली, शेळ्या सांगितल्या, त्यात हाकांबद्दल एक शब्द आला नाही. लपवलं नाही. मी हाका मारतोय हे मला माहीतच नव्हतं. मी तिच्यासाठी रान साफ करत होतो आणि ती आत झोपायचा प्रयत्न करत होती.

मला फार वाईट वाटलं. ते मी बोललोही, पण काय बोललो ते आता आठवत नाही, त्यामुळे चांगलं नसणार. तिने माझाही कप माझ्याकडे सरकवला.

मेहुण्याने चहा संपवला. विकायची नाही म्हणून कळवून टाकतो, म्हणाला. अट-बिट काही नाही, तू राहा. आणि मशीन मी पाठवतो, भाऊजींनी त्यात पडायचं नाही. मी पडलो नाही.

मशीन आठवडाभर चाललं. त्याने मागचं सगळं रान मुळासकट उपसून काढलं. आवाज एवढा की भांडी थरथरायची. मी हिला म्हणालो, तुला त्रास होत असेल. ती म्हणाली, मुळीच नाही, ते मला बोलवत नाही. आणि खरंच, भर दुपारी ती त्या घरघराटात झोपायची, तोंडावर पदर घेऊन. मी पहिल्यांदाच दारात उभं राहून ते पाहिलं आणि आवाज न करता दार लोटून घेतलं.

जाताना मशीनवाला म्हणाला की घरालगतच्या ओळींत मशीन घालण्यात अर्थ नाही, लहान आहेत, जमिनीत ओल आहे तोवर हाताने उपटून घ्या. कुणी, ते त्याने सांगितलं नाही. मी हातमोजे शोधले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पहिल्या ओळीच्या टोकाला गुडघे टेकून बसलो. पहिली काही रोपं तुटून हातात आली, मूळ आतच राहिलं. मग जरा कळायला लागलं की झटका द्यायचा नाही, बुडाशी धरून हळू ओढत राहायचं. एक रोप असं ओढता ओढता सैल झालं आणि सबंध वर आलं. मूळ माझ्या कोपरापर्यंत पोचेल एवढं लांब, शेवटच्या तंतूपर्यंत शाबूत, कुठेही न तुटलेलं. आजवर माझ्या हातून इतकं पुरं काम झालं नव्हतं. मी ते वर धरलं, घराकडे वळलो, तोंड उघडलं.

खिडकीचा पडदा ओढलेला होता. मी तोंड मिटलं, रोप बाजूला ठेवलं आणि दुसरं धरलं.